दुसऱ्या खेपेचा हाडमोड्या ताप

गोवर एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पूर्वीपासून ठाऊक आहे. डासांवाटे येणाऱ्या डेंग्यूची, म्हणजे हाडमोड्या तापाची, गोष्ट मात्र निराळी.

क्युबा बेटावर १९७७ साली या तापाची मोठी साथ आली. माणसं अंथरुणाला खिळली, बरी झाली, विसरूनही गेली. १९८१ साली ताप पुन्हा आला. डेंग्यूच्या विषाणूच्या जाती चार. आधीची साथ पहिल्या जातीची होती, ही दुसऱ्या जातीची. साडेतीन लाखांच्या घरात माणसं आजारी पडली, १५८ दगावली. त्यांत मुलंच १०१! चौकशीअंती दिसलं, की अत्यवस्थ झालेल्यांपैकी बहुतेकांना विषाणूची पहिली लागण आधीच होऊन गेली होती. साथीनंतर जन्मलेली एक-दोन वर्षांची पोरं त्यातून सुटली.

असं का व्हावं? रक्तातली प्रतिपिंडं पहिल्या जातीसाठी घडलेली. ती दुसऱ्या जातीला चिकटतात खरी, पण तिला मारत नाहीत. उलट हाताला धरून पांढऱ्या पेशींच्या आत नेऊन सोडतात. पहारेकऱ्यानंच चोराला दार उघडून द्यावं, तशातली गत.

शरीरापाशी दुसरीही फौज आहे. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. बिनकामाची म्हणून तिच्याकडं कुणी लक्ष देत नसे. १९६१ साली जॅक मिलर यांनी लंडनमध्ये उंदरांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची ही ग्रंथी काढली, तेव्हा पिल्लं रोगांपुढं टिकेनात. तिथं तयार होणाऱ्या त्या टी-पेशी. प्रतिपिंडं विषाणूला उघड्यावर गाठतात. टी-पेशी तो ज्या पेशीत लपला ती पेशीच हुडकून मारतात. त्यांची ओळख बरीचशी विषाणूच्या आतल्या प्रथिनांवरून पटते, वरच्या कवचावरून कमी.

फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर मुलांना डेंग्यूची लस टोचली गेली. या लशीचा अंगरखा डेंग्यूचा, पण आतला गाभा पीतज्वराच्या लशीतल्या विषाणूचा. म्हणजे टी-पेशींना डेंग्यूचा धडा मिळाला तो अर्धामुर्धाच. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालाच नव्हता, त्यांना लशीनंतर तो अधिक जोरानं होऊ शकतो, असं नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनीच जाहीर केलं. डिसेंबरात मोहीम थांबली. सारा दोष गाभ्याच्या माथी मारता येणार नाही, प्रतिपिंडांचा घोळ आहेच. पण मुलांना टोचण्याआधी हा हिशेब अधिक कसून व्हायला हवा होता, असं मला वाटतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला एका भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. तिच्यात चारही जाती दुबळ्या करून घातल्या आहेत, आणि गाभा डेंग्यूचाच ठेवला आहे.