मशेरीच्या डबीचा चारशे वर्षांचा हिशेब



मी बचत गटांची सहयोगिनी. गावोगाव बैठका घेणं, वह्या तपासणं, बँकेची कामं मार्गी लावणं हा माझा रोजचा उद्योग. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वर्गणी झाली, कर्जाचे हप्ते झाले, सह्या-अंगठे झाले. मग मी म्हटलं, ‘‘आता प्रत्येकीने आपली कमरेची डबी बाहेर काढा.’’ आधी सगळ्या हसल्या. मग एकेक डबी सतरंजीवर आली. कुणाची पत्र्याची, कुणाची बामाची रिकामी, कुणाची कुंकवाची. बारा बायकांत सात डब्या. आत काळी पूड. आपण तिला मशेरी म्हणतो, कुठे मिश्री म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची.

मी वहीत हिशेब मांडला. घरातली मशेरी, नवऱ्याची विडी, मुलाची पुडी मिळून दिवसाला फक्त दहा रुपये धरले तरी वर्षाचे ३,६५० रुपये होतात. आमची वर्गणी महिन्याला १००, म्हणजे वर्षाला १,२००. बचतीच्या तिप्पट पैसा आपण तंबाखूच्या खात्यात भरतो, आणि त्यावर व्याज मिळतं ते खोकल्याचं.

तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘‘बाई, पैशाचं तुझं खरं. पण ही जुनी रीत आहे. माझी सासू लावायची, तिची सासू लावायची. पहिल्यापासून चालत आलंय.’’

तो ‘पहिल्यापासून’ शब्द माझ्या डोक्यात राहिला. बी.ए.ला माझा विषय इतिहास. म्हटलं, बघू तरी, हे ‘पहिल्यापासून’ म्हणजे नेमकं कधीपासून?

तर मैत्रिणींनो, ज्ञानेश्वरांच्या काळात आपल्याकडे तंबाखू नव्हती. एकनाथांच्या बालपणीही ती इथल्या घराघरांत नव्हती. हे रोप मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतर युरोपच्या लोकांना ते कळलं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या व्यापाराबरोबर तंबाखू दख्खनमध्ये आली. आपला ‘तंबाखू’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आला. बाहेरून आली म्हणून ती वाईट, असं मी म्हणत नाही. आपली मिरचीही त्याच वाटेने आली आणि तिच्यावाचून आपलं चालत नाही. सांगायचं एवढंच, की ही रीत देवाने घालून दिलेली नाही. ती चारशे वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि कशी सुरू झाली याची एक लेखी गोष्टही आहे.

अकबर बादशहाचा एक सरदार होता, असद बेग. तो वकील म्हणून विजापूरला आला होता. आपला साताऱ्याकडचा मुलूख तेव्हा विजापूरच्याच अमलाखाली होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली. परत जाताना रत्नं जडवलेली एक सुंदर नळी आणि बरीचशी तंबाखू घेऊन गेला. साल साधारण १६०४-०५. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकीम पुढे झाला आणि म्हणाला, हे औषध आपल्या ग्रंथांत कुठे नाही, ज्याची पारख झालेली नाही ते कसं घ्यायचं? असद बेगने वाद घातला. दरबारातल्या अमीर-उमरावांनी मागितली म्हणून त्याने ती वाटून टाकली. मग व्यापारी विकू लागले आणि सवय झपाट्याने पसरली. हे सगळं असद बेगने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे त्याने असंही लिहिलंय, की बादशहाने मात्र ती सवय लावून घेतली नाही. म्हणजे ज्याच्यासाठी आणली तो सुटला, आणि बाकीचा मुलूख अडकला!

पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखू ओढायला बंदी घातली. ती टिकली नाही. तोवर शेतकऱ्याला पीक मिळालं होतं, व्यापाऱ्याला नफा आणि सरकारला कर. ज्या वस्तूवर इतक्यांची पोटं अवलंबून, ती नुसत्या हुकमाने जात नाही. आजही निपाणीचा तंबाखू पिकवणारा शेतकरी आहे, सोलापूर-सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या आपल्याच बहिणी आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. तो सोडवायलाच हवा. पण म्हणून आपण आपल्या हिरड्या जाळून घ्यायच्या, असा काही त्याचा अर्थ होत नाही.

आता मी एक गोष्ट सांगते, जी माईकसमोर आज पहिल्यांदाच सांगतेय. मशेरी मीही लावत होते. अकरा वर्षांची असताना दाढ दुखली, आजीने बोटावर घेऊन चोळली. दुखणं थांबलं, सवय लागली. आजी पहाटे उठून चुलीवर तवा ठेवायची. त्या धुराने सगळं घर ठसकायचं. ती म्हणायची, मशेरी लावली की दहा वाजेपर्यंत भूक लागत नाही. लहानपणी मला हे कौतुकाचं वाटायचं. आता कळतं, तंबाखूतलं निकोटीन भूक मारतं. आजी सगळ्यांना वाढून उरलं तर खायची. तिच्या डबीत तिची न्याहारी होती.

लग्नानंतरही मी चोरून लावायचे. पहिल्या मुलीच्या वेळी कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलगी दिवसांआधी झाली आणि वजनाने कमी भरली. मशेरीमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास छापून आला. तोंडातून तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. हे मला दुसऱ्या खेपेला आमच्या आशाताईंनी समजावलं. त्या दिवशी मी डबी उकिरड्यावर टाकली. दोनदा परत उचलली, तेही सांगते. तिसऱ्यांदा टाकली ती कायमची.

तंबाखूचं नुकसान कळायला जगाला साडेतीनशे वर्षं लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी फार वाढले. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी लंडनच्या दवाखान्यांतल्या रोग्यांची चौकशी सुरू केली. डॉल यांना आधी वाटत होतं, दोष रस्त्यांच्या डांबराचा असेल. ते स्वतः सिगारेट ओढत. आकडे हाती येऊ लागले तशी त्यांनी काम पुरं व्हायच्या आतच सिगारेट सोडली. १९५० मध्ये निष्कर्ष छापला गेला. मग १९५१ पासून त्यांनी इंग्लंडमधल्या सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि आयुष्य यांची नोंद ठेवली, तीही थेट पन्नास वर्षं! २००४ साली हिशेब पुरा झाला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी गेला. पण ज्याने तिशीत सोडली, त्याला जवळजवळ ती सगळी दहा वर्षं परत मिळाली. चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन.

पुरुषांचं झालं, बायकांचं काय? इंग्लंडमध्येच १९९६ पासून सुमारे १३ लाख बायकांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये त्याचे आकडे आले. चाळिशीच्या आत धूम्रपान सोडणाऱ्या बायकांचा त्यामुळे होणाऱ्या अकाली मृत्यूचा नव्वद टक्क्यांहून जास्त धोका टळला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं सिगारेटचं. आम्ही कुठे धूर काढतो? बरोबर आहे. म्हणून आपल्या मातीतलं सांगते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत हिंडले. त्यांनी १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. १९७२ मध्ये तो अभ्यास छापला गेला. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी दिसणारे पांढरे चट्टे यांचा धागा तंबाखूच्या सवयीशी जाऊन मिळाला. मग याच संस्थेच्या लोकांनी केरळ, गुजरात आणि आंध्रच्या एकेका जिल्ह्यात मिळून सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना गाठलं. त्यांना समजावलं, चित्रपट दाखवले, दर वर्षी तोंड तपासलं. ज्यांनी तंबाखू सोडली, त्यांच्या तोंडात नवे चट्टे येण्याचं प्रमाण कमी झालं. १९८६ मध्ये हे जगासमोर आलं. म्हणजे आपलं तोंडही सोडणाऱ्याला माफ करतं.

सरकारनेही १९९२ मध्ये दात घासायच्या पेस्ट आणि पावडरीत तंबाखू घालायला बंदी केली. दुकानातल्या डबीत जी चालत नाही, ती घरच्या तव्यावर भाजली म्हणून औषध कशी होईल?

आता खरी अडचण. सोडायची म्हटली की डोकं धरतं, चिडचिड होते आणि सकाळी पोट साफ होत नाही. या शेवटच्या कारणासाठी आपल्यातल्या कितीतरी जणी परत डबीकडे वळतात, पण लाजेने बोलत नाहीत. मी बोलते. निकोटीन आतड्यांना ढोसत असतं. ते थांबलं की आतडी काही दिवस सुस्तावतात, मग पूर्वपदावर येतात. तेवढे दिवस सकाळी कोमट पाणी प्या, जेवणात पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्यं वाढवा, रोज अर्धा तास झपझप चाला. तल्लफ आली तर ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप नाहीतर लवंग चघळा, पाण्याचे घोट घ्या, हाताला काम द्या. दातांना मऊ ब्रश लावा. स्वतःसाठी सकाळची भाकरी आधी काढून ठेवा, मग बाकीच्यांना वाढा. तंबाखू सोडताना न्याहारी सुरू झाली नाही, तर भूक डबीची आठवण काढणारच.

एकटीला हे जड जातं. म्हणून शेवटी एका लांबच्या प्रदेशाची गोष्ट सांगते, कारण तीही बायकांच्या मंडळांची आहे. फिनलंड देशात उत्तर कारेलिया म्हणून भाग आहे. लाकूडतोडे, गवळी, लहान शेतकरी. तिथले कर्ते पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात होते. लोकांनी १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या अवघ्या २७ वर्षांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम सुरू झालं. कारणं ठरलेली होती: धूम्रपान, रक्तदाब, आणि लोणी-चरबीचं, मिठाचं जेवण. डॉक्टरांचं व्याख्यान ऐकून कुणी लोणी सोडत नाही. तेव्हा तिथली मार्था नावाची गृहिणींची संघटना पुढे आली. त्यांनी गावोगाव सगळ्यांना जेवायला बोलावलं. तेच जुने पदार्थ, पण चरबी कमी, मीठ कमी, भाज्या जास्त. धूम्रपान सोडण्याच्या स्पर्धा लागल्या. चाळीस वर्षांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. रीत बदलते, मैत्रिणींनो. स्वयंपाकघरातून बदलते आणि दहा जणींनी मिळून बदलली तर टिकते.

आमच्या गटात आम्ही काय केलं? वहीत एक नवा रकाना आखला, ‘डबीचे पैसे’. जिने सोडली तिने ते पैसे बैठकीत जमा करायचे. सातपैकी तिघींनी सुरुवात केली. एकीचं मध्येच मोडलं, तिला कुणी बोललं नाही, तिने परत सुरू केलं. एक प्रश्न अजून सुटलेला नाही. गटाच्या कर्जातून एका ताईंनी टपरी टाकलीय आणि तिथे सगळ्यात जास्त खप पुड्यांचाच आहे. हप्ता त्यातूनच येतो. त्यांना ‘बंद करा’ म्हणणं सोपं आहे. त्यांच्या गल्ल्यात दुसरं काय येईल, हे ठरवणं आम्हा सगळ्यांचं काम आहे. पुढच्या बैठकीत तोच विषय घेतलाय.

आणि त्या आजी? त्यांनी विचारलं, ‘‘माझी पासष्टी उलटली. आता सोडून काय मिळणार?’’ मी त्यांना साठीत सोडणाऱ्या डॉक्टरांची तीन वर्षं सांगितली. हेही सांगितलं, की तो हिशेब सिगारेटचा आहे, पण तोंडाचे चट्टे कमी होण्याचा हिशेब आपला आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना उपकेंद्रात घेऊन गेले. तिशीवरच्या सगळ्यांचं तोंड तपासण्याची सोय सरकारी केंद्रांत असते, ती मागून घ्या. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

आजींचं तोंड बरं निघालं. घरी येताना त्या म्हणाल्या, ‘‘मग माझ्या सुनेला तरी लावू नको म्हणते.’’ मी म्हटलं, ‘‘आजी, सुनेला सांगा, पण आधी डबी माझ्याकडे द्या.’’ त्यांनी अजून दिलेली नाही. पण परवा त्यांनी आपणहून विचारलं, ‘‘त्या रकान्यात माझं नाव लिहिलंस का गं?’’

लिहिलंय.