संवर्धन राखीव जमिनीचे सेंद्रिय शेतीत रूपांतर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धूप रोखण्यासाठी सरकारी कराराने गवताखाली ठेवलेली शेतजमीन, करार संपल्यावर, रासायनिक खते व तणनाशके न वापरता पुन्हा पिकाखाली आणण्याची पद्धती.

१९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनंतर मृद्‌संधारण हे तेथे संघ सरकारचे काम ठरले. १९५६ ची ‘सॉइल बँक’ ही पुढच्या राखीव योजनेची पूर्वगामी योजना. १९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्याने संवर्धन राखीव योजना (सीआरपी) आली. जास्त धुपणारी जमीन १० ते १५ वर्षे पिकाबाहेर ठेवून तीवर गवत किंवा झाडे लावायची आणि त्याबद्दल कृषिखात्याने दरवर्षी खंड द्यायचा, असे तिचे स्वरूप. २००७ मध्ये हे क्षेत्र ३ कोटी ६८ लाख एकरांवर पोहोचले. पुढे धान्याचे भाव चढले आणि करार संपलेली पुष्कळ जमीन पुन्हा पिकाखाली गेली. २०१४ च्या कृषी कायद्याने क्षेत्राची कमाल मर्यादाही २ कोटी ४० लाख एकरांवर आणली.

प्रमाणन : सेंद्रिय पिकाच्या कापणीआधी सलग तीन वर्षे जमिनीत निषिद्ध पदार्थ पडलेला नसावा, हा राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचा नियम (अंमल ऑक्टोबर २००२ पासून). राखीव जमिनीत खत-औषध सहसा पडत नसल्याने ही अट करारकाळातच पुरी होऊ शकते. मात्र काटेरी थिसलसारख्या तणांवर एखाद्या कोपऱ्यात जरी तणनाशक मारले असेल, तरी त्या भागाची तीन वर्षे फवारणीच्या तारखेपासून नव्याने मोजावी लागतात. जमिनीच्या मागील वापराची लेखी नोंद म्हणूनच मोलाची. ग्लायफोसेट या तणनाशकाने गवत मारून न नांगरता पेरण्याची प्रचलित रीत येथे बाद होते.

गवतमोड : सर्वांत कठीण काम हेच. ब्रोम, फेस्क्यू, स्विचग्रास यांच्या मुळांची वर्षानुवर्षांची जाळी एका नांगरटीने मरत नाही. आधी गवत कापून किंवा परवानगीने जाळून, उन्हाळ्याच्या अखेरीस खोल नांगरट व पुढे वारंवार डिस्क चालवणे हा सर्वसाधारण क्रम. क्वॅकग्राससारखी, हरळीप्रमाणे पसरणारी तणे उन्हात मुळे वाळवल्याशिवाय हटत नाहीत. कुट्टू किंवा राय दाट पेरून उरलेले गवत दडपतात. गवताच्या अवशेषांत कर्ब जास्त व नत्र कमी असल्याने ते कुजताना सूक्ष्मजीव मातीतले नत्र ओढून घेतात. त्यामुळे पहिल्या वर्षी मका पिवळा पडतो. सोयाबीन किंवा ओट हे अधिक सुरक्षित पहिले पीक. हुमणी व वायरवर्म यांचा उपद्रव पहिल्या हंगामांत संभवतो.

पुढील फेरपालटीसाठी आयोवातील ग्रीनफील्डजवळच्या नीली-किनयन प्रक्षेत्रावर १९९८ पासून चाललेले प्रयोग उपयोगी आहेत. तेथे मका, सोयाबीन, ओट व लसूणघास अशा सेंद्रिय फेरपालटीत रासायनिक शेतीच्या तोडीचे उत्पादन मिळाले आणि मातीचा कसही सुधारला.

धूप व कर्ब : मूळ विरोध येथेच आहे. जी जमीन उतारावर धुपते म्हणून राखीव झाली, तीच तणनाशकाऐवजी नांगराने मोडायची असते. मान्य संधारण आराखड्याशिवाय अशी जमीन कसल्यास संघ सरकारच्या शेती-सवलती गमावण्याची वेळ येते. समपातळी पट्टे व पाणवाटांतील गवत राखणे किमान आवश्यक. नांगरटीने मातीत साठलेला कर्ब हवेत जातो; शेणखत व लसूणघास यांनी तो कितपत आणि किती वर्षांत भरून निघतो, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

वन्यजीव : फेझंट व माळरानावरील पक्ष्यांचा अधिवास घटतो.

आर्थिक बाजू : रूपांतर-प्रोत्साहन योजनेत (२००८) जमीनमालकाने नवोदित शेतकऱ्याला जमीन विकली किंवा खंडाने दिली, तर करारानंतरही दोन वर्षांपर्यंत खंड मिळतो आणि सेंद्रिय प्रमाणनाची तयारी करार चालू असतानाच सुरू करता येते. मुदतीपूर्वी करार मोडल्यास मात्र घेतलेला खंड व्याजासह परत करावा लागतो.

कमी उताराच्या जमिनीत हे रूपांतर समर्थनीय ठरते. तीव्र उतारावर गवत न मोडता चराईच ठेवणे योग्य.