टिचकीचा खेळ : क्रोकिनोलच्या एका पटाची हकिगत

१/
इ. स. १८७६. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील पर्थ परगण्यात एकहार्ट वेटलॉफर नावाचे एक कुशल कारागीर राहत होते. त्यांचा मुलगा ॲडम पाच वर्षांचा होत होता. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडाचा एक गोल पट घडवला. क्रोकिनोल या खेळाचा आज ज्ञात असलेला हा सर्वांत जुना पट होय. या धाग्यात त्याची हकिगत.

२/
कॅरम खेळलेल्यांना हा खेळ समजायला वेळ लागणार नाही. पट गोल असतो, साधारण ६६ सेंमी व्यासाचा. कोपऱ्यांतली चार पॉकेट्स येथे नाहीत. मधोमध सोंगटी जेमतेम मावेल असा एकच उथळ खळगा असतो. स्ट्रायकरही नाही. दोघे खेळत असल्यास प्रत्येकाकडे १२ सोंगट्या, आणि टिचकी थेट सोंगटीलाच मारायची. खळग्यात पडली तर २० गुण. बाहेरच्या वर्तुळांत थांबली तर १५, १० किंवा ५.

३/
हे सोपे वाटते, पण मधल्या वर्तुळाभोवती आठ खुंट्या पहाऱ्यासारख्या उभ्या असतात. शिवाय एक कडक नियम आहे. पटावर प्रतिस्पर्ध्याची सोंगटी असेल, तर तिला धक्का लागलाच पाहिजे. न लागल्यास आपली मारलेली सोंगटी बाद. त्यामुळे अंग चोरून खेळता येत नाही. समोरच्याला भिडावेच लागते.

४/
आता नाव पाहू. फ्रेंचमध्ये ‘क्रोकिन्योल’ म्हणजे कुरकुरीत छोटे बिस्किट, आणि टिचकीसुद्धा. क्वेबेकमधील फ्रेंच भाषक अशा खेळाला ‘पिशनॉट’ म्हणतात. त्याचाही अर्थ टिचकीच. मेनोनाइट पंथीयांच्या जर्मन बोलीत तो ‘क्निप्सब्राट’, म्हणजे टिचकीची फळी. भाषा बदलल्या, पण प्रत्येकीने खेळाला नाव दिले ते बोटाच्या त्याच एका हालचालीवरून.

५/
मेनोनाइटांचा उल्लेख सहज आलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील या कर्मठ प्रोटेस्टंट समाजांत पत्ते आणि नाच निषिद्ध मानले जात. पत्ते म्हटले की जुगाराची सावली आलीच. क्रोकिनोलमध्ये ना पत्ता, ना फासा. फक्त नजर, बोट आणि सराव. म्हणून वडीलधाऱ्यांना तो निरुपद्रवी वाटला, आणि लांबलचक हिवाळ्याच्या संध्याकाळी लहानथोरांना एका मेजाभोवती बसवण्याचे काम या पटाने केले.

६/
याच सुमारास अमेरिकेतील मिशिगन राज्यात, लडिंग्टन गावी, हेन्री हॅस्केल हे रविवारच्या धर्मशाळेत शिकवणारे गृहस्थ पूल खेळण्याच्या अड्ड्यांवर रेंगाळणाऱ्या मुलांमुळे अस्वस्थ होते. मुलांना घरी रमवण्यासाठी त्यांनी चार कोपऱ्यांना जाळीदार पॉकेट्स असलेला पट तयार केला आणि ‘कॅरम’ या नावाने विकला. आपल्याकडच्या कॅरमहून तो वेगळा. पण त्यामागची काळजी आपल्या आईवडिलांना अनोळखी नाही.

७/
पेटंटच्या नोंदी काय सांगतात? क्रोकिनोलचे पेटंट अमेरिकेत १८८० साली घेतले गेले. केवळ कागद प्रमाण मानला, तर खेळाचा जन्म तेथे आणि तेव्हा झाला असेच लिहावे लागेल. पण ॲडमचा पट त्याहून चार वर्षांनी जुना आहे. नैर्ऋत्य आँटॅरिओत १८७० च्या दशकातील घरगुती पट आणखीही सापडले आहेत.

८/
योगायोग पाहा. १८७६ मध्येच ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. त्या शोधाची तारीख आपल्याला पाठ असते, कारण ती नोंदवली गेली. मुलासाठी खेळणे करणारा बाप मात्र पेटंट कचेरीत जात नाही. घरात घडलेल्या गोष्टींचा इतिहास म्हणूनच उशिरा उजेडात येतो, आणि तोही वस्तू टिकली तरच.

९/
हा पट टिकला. आज तो आँटॅरिओतील किचनर शहरात, जोसेफ श्नायडर हाउस या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. वेटलॉफर यांचे नाव टॅव्हिस्टॉक या छोट्या गावाशी जोडलेले. १९९९ पासून क्रोकिनोलची जागतिक स्पर्धा याच गावात भरू लागली. ज्या गावाकडे एरवी इतिहासकार फिरकला नसता, त्याला एका खेळण्याने ओळख दिली.

१०/
जाता जाता एक विनंती. आपल्या माळ्यावर, पलंगाखाली किंवा गावच्या घरात एखादा जुना कॅरम बोर्ड पडलेला असेल. पावसाने फुगलेला, पावडरीने पांढरा झालेला. तो भंगारात देण्यापूर्वी घरातल्या थोरल्यांना विचारा : कोणी आणला, केव्हा, पहिली राणी कोणी घेतली? उत्तर मिळाले तर बोर्डाच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहून ठेवा. ॲडमच्या पटामागे त्याच्या पाचव्या वाढदिवसाची गोष्ट टिकून राहिली, म्हणून आज आपण तिच्याविषयी बोलतो आहोत.