झाकलेला क्रूस

उपवासकाळातील पाचव्या रविवारच्या आदल्या सायंकाळी आमच्या चर्चमध्ये एक लहानसे काम चालते. सेवेकरी शिडी लावतात, पेटीतून जांभळी कापडे काढतात आणि वेदीमागील क्रूस व संतांच्या मूर्ती एकामागून एक झाकून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्साला आलेली माणसे क्षणभर दारातच थबकतात. नेहमीचे ओळखीचे चेहरे दिसेनासे झालेले असतात. सणाला आता पंधराच दिवस उरले आहेत, हे सांगायला मग वेगळ्या सूचनेची गरज राहत नाही.

दीक्षेनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत माझे मत निराळे होते. नव्या उपासनाविधीचा अभ्यास करून आलो होतो, उत्साह दांडगा होता. हे कापड प्रकरण आता जुने झाले, पेटीतच राहू द्या, असे मी एका वर्षी सांगून टाकले. कोणी वाद घातला नाही. मात्र एका वृद्ध माउलीने मिस्सानंतर मला हळूच विचारले, "फादर, यंदा क्रूस उघडाच ठेवला, मग शुक्रवारी आम्हाला दाखवणार काय?" मला उत्तर सुचले नाही. त्या प्रश्नाने मला पुन्हा पुस्तकांकडे वळवले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

पुनरुत्थानापूर्वीच्या दिवसांचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन एका स्त्रीने लिहिले आहे. एगेरिया नावाची ही यात्रेकरू इ. स. 381 ते 384 या काळात पश्चिम युरोपातून येरुशलेमला गेली आणि तिथे पाहिलेले सारे तिने आपल्या भगिनींना पत्ररूपाने कळवले. आपल्याकडच्या वारकऱ्याची निष्ठा आणि एखाद्या बखरकाराची नजर तिच्या ठायी एकत्र आली होती. झावळ्यांच्या रविवारी जैतूनाच्या डोंगरावरून लोक मिरवणुकीने नगरात उतरतात, चालता न येणाऱ्या लेकरांना आईबाप खांद्यावर घेतात आणि त्यांच्याही हाती डहाळ्या असतात, असे ती लिहिते. शुक्रवारी सकाळी गुलगुथा येथे महागुरू आसनस्थ होत. त्यांच्यापुढे वस्त्र अंथरलेल्या मेजावर पवित्र क्रूसाचे लाकूड ठेवले जाई आणि त्याची दोन्ही टोके ते स्वतः धरून बसत. भाविक वाकून आधी कपाळ, मग डोळे त्या लाकडाला लावीत आणि चुंबन घेत. हात लावण्याची मुभा कोणालाच नव्हती. भोवती उपगुरूंचा पहारा असे. कारण एका भक्ताने म्हणे चुंबन घेता घेता त्या लाकडाचा तुकडाच दाताने तोडून नेला होता! सोळाशे वर्षांपूर्वीचा तो भाविक आपल्याला अगदी परका वाटत नाही.

एगेरियाच्या पत्रातील दुसरी एक नोंद मला त्याहून मोलाची वाटते. येरुशलेमचे महागुरू ग्रीक भाषेत बोलत, आणि त्यांचे बोलणे सिरियाक भाषेत समजावून सांगण्यासाठी एक धर्मगुरू जवळ उभा असे. ज्यांना या दोन्ही भाषा येत नसत, त्या लॅटिन भाषिकांनाही दुभाषे बंधुभगिनी अर्थ सांगत. शुक्रवारी दुपारी बारा ते तीनपर्यंत दुःखसहनाची वाचने चालत, तेव्हा लहानथोर सारेच रडत असत. आपल्या भाषेत कानी आले म्हणूनच ते त्यांच्या डोळ्यांत उतरले.

क्रूस झाकण्याची प्रथा त्यानंतरची, मध्ययुगातली. त्या पाचव्या रविवारी पूर्वी संत योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय वाचला जाई. लोकांनी दगड उचलले तेव्हा प्रभू येशू लपून मंदिराबाहेर निघून गेला, असा त्याचा शेवट आहे. प्रभू लपला, म्हणून त्याची प्रतिमाही लपली, असा अर्थ भाविकांनी लावला. त्याआधीपासून युरोपातील पुष्कळ चर्चेसमध्ये उपवासकाळभर वेदीपुढे भला मोठा पडदा टांगला जाई. ऑस्ट्रियातील गुर्क येथील 1458 सालचा असा एक पडदा प्रसिद्ध आहे. त्यावर बायबलमधील 99 प्रसंग रंगवलेले आहेत. वेदी दृष्टीआड करणारा पडदा निरक्षर माणसाचे बायबल होऊन बसला!

परंतु याच सुमारास दुसरीकडे विधी आणि लोक यांच्यात अंतर पडत चालले होते. लॅटिन ही सामान्यांची भाषा उरली नव्हती. उपवासाच्या नियमांमुळे सायंकाळचे विधी हळूहळू सकाळकडे सरकत गेले होते. 1566 साली पोप संत पायस पाचवे यांनी दुपारनंतर मिस्सा करण्यास मनाई केली, तेव्हा त्या सवयीवर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले. 1642 साली पोप अर्बन आठवे यांनी सुट्टीच्या सणांची यादी आटोपशीर केली आणि पवित्र सप्ताहातील ते तीन दिवस कामाचे दिवस ठरले. मजूर कामावर, शेतकरी शेतावर, आणि चर्चमध्ये धर्मगुरू व चार सेवेकरी, अशी स्थिती झाली.

त्या विधींचे सौंदर्य कमी नव्हते. लॅटिनमध्ये 'तेनेब्रे', म्हणजे अंधार, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनेत त्रिकोणी समईवर पंधरा मेणबत्त्या लावीत. एकेक स्तोत्र संपले की एकेक ज्योत विझवली जाई. उरलेली शेवटची ज्योत वेदीमागे नेऊन लपवीत. मग काळोखात ग्रंथ आपटून भूकंपासारखा आवाज करीत, आणि ती ज्योत परत आणली जाई. गुरुवारच्या मिस्सानंतर घंटा मुक्या होत व त्यांच्या जागी लाकडी खटखट्याचा कोरडा आवाज घुमे. मात्र पास्काजागरणाची दशा पाहून हसावे की रडावे कळत नाही. रात्रीचा हा विधी शनिवारी सकाळी उरकला जाई. पवित्र रात्रीची थोरवी गाणारे स्तोत्र खिडकीतून ऊन येत असताना गायले जाई, आणि पास्काची मेणबत्ती सूर्यप्रकाशात पेटे. उपवासही शनिवारी दुपारी बारालाच संपे. प्रभू अजून थडग्यात, आणि घरोघरी चुली पेटलेल्या!

विधी असे दूर गेले, तेव्हा लोकांनी काय केले? याचे उत्तर आपल्या कोकणच्या मातीत सापडते. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापले गेले. मराठी ओवीत तारणाची कथा सांगणारा हा ग्रंथ गोव्यातील चर्चेसमध्ये लोकांना वाचून दाखवला जाई. उत्तर कोकणात फ्रान्सिस्कन संघाचे फादर फ्रान्सिस्को वाझ दे गिमाराइश यांनी वसई-मुंबईच्या बोलीत प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण रचले. ते 1659 साली लिस्बनला छापले गेले व एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा निघाले. दोन्ही ग्रंथांची लिपी रोमन, पण आत्मा या मातीतला. वेदीवर लॅटिन चाले, तर ओसरीवर उपवासकाळाच्या रात्री हे पुराण वाचले जाई.

1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसई घेतली. पोर्तुगीज संन्याशांचे मठ ओस पडले आणि भाविकांची धुरा मोजक्या एतद्देशीय धर्मगुरूंवर आली. तरीही येथील श्रद्धा विझली नाही. त्या पडत्या काळात तिला जी घरगुती ऊब मिळाली, तीत त्या ओव्यांचा आणि रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेचा मोठा वाटा असला पाहिजे, असे मला वाटते. मेणबत्ती वेदीमागे नेली, तरी ती जळतच होती.

पुढे विसाव्या शतकात ख्रिस्तसभेने स्वतःच ही उणीव ओळखली. पोप पायस बारावे यांनी 1951 साली पास्काजागरण रात्री करण्याची मुभा प्रयोग म्हणून दिली. 16 नोव्हेंबर 1955 रोजी संपूर्ण पवित्र सप्ताहाच्या सुधारणेचा आदेश निघाला आणि 25 मार्च 1956 च्या झावळ्यांच्या रविवारपासून तो अमलात आला. हे विधी जवळजवळ रिकाम्या चर्चेसमध्ये पार पडतात, अशी स्पष्ट कबुली त्या आदेशातच आहे. आज्ञा गुरुवारची मिस्सा सायंकाळी आली, शुक्रवारचा विधी दुपारी आला आणि जागरण रात्रीचे रात्री परतले. पुढे 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचे संविधान मंजूर केले व लोकभाषेचे दार उघडले. येरुशलेमच्या त्या दुभाष्यांची परंपरा जणू पुन्हा सुरू झाली.

या बदलांत वेळ आणि भाषा यांखेरीज सदसद्विवेकाचाही भाग होता. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुदी बांधवांविषयी एक अवमानकारक विशेषण शतकानुशतके उच्चारले जात होते. पोप संत योहान तेविसावे यांनी ते 1959 साली काढून टाकले. ज्या दिवशी आपण निरपराध रक्ताचे स्मरण करतो, त्याच दिवशी आपल्या तोंडी दुसऱ्यांविषयी कटू शब्द होते, हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे. जुने ते सारेच सोने नसते.

पण नव्या मांडणीत काही जुन्या वाटा पुसटही झाल्या. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या नव्या पंचांगात शेवटच्या दोन आठवड्यांचा वेगळा काळ राहिला नाही. क्रूस व प्रतिमा झाकण्याचा निर्णय त्या त्या देशाच्या महागुरू परिषदेवर सोपवण्यात आला. प्रथा रद्द झाली नव्हती. ती रद्द झाली असे माझ्यासारख्या उतावळ्यांनी परस्पर ठरवून टाकले. ओसरीवरचे पुराणवाचनही मागे पडले. उपासना मराठीत आली आणि मराठीत शतके टिकलेली भक्ती मात्र आपण गुंडाळून ठेवली, ही खंत मनातून जात नाही.

2020 साली महामारीच्या टाळेबंदीत मी पवित्र सप्ताहाचे विधी रिकाम्या बाकांपुढे केले. 1955 च्या आदेशातील ते शब्द तेव्हा मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळले. पण त्याच शुक्रवारी कित्येक घरांत आजी-आजोबांनी नातवंडांना जवळ बसवून दुःखसहनाची कथा वाचली, असे पुढे कानावर आले. ओसरी पुन्हा जागी झाली होती.

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला बरीच वर्षे लागली. शुभ शुक्रवारी धर्मगुरू क्रूसावरील वस्त्र तीन टप्प्यांत दूर करतो: आधी वरचा भाग, मग उजवा बाहू, शेवटी संपूर्ण क्रूस. रोज समोर असलेली वस्तू रोज दिसतेच असे नाही. पंधरा दिवस ती झाकलेली राहिली, की डोळ्यांना तिची भूक लागते. ती भूक हाच या दिवसांचा खरा उपवास आहे. माउली आज हयात नाहीत. कापडे मात्र दरवर्षी पेटीतून बाहेर निघतात. यंदा त्या पंधरवड्यात दर सायंकाळी एका घरी जुन्या पुराणातील एकेक अध्याय वाचावा, असे आम्ही ठरवले आहे. पहिले वाचन त्यांच्याच ओसरीवर होईल.