डग्लस, टॉमस क्लेमंट

(२० ऑक्टोबर १९०४ – २४ फेब्रुवारी १९८६). कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न या गावचे बाप्टिस्ट पाळक, पुढे त्याच प्रांताचे सतरा वर्षे मुख्य प्रधान, आणि रोग्याची ऐपत न पाहता त्याला उपचार मिळाले पाहिजेत या तत्त्वाला कायद्याचे अधिष्ठान मिळवून देणारे लोकसेवक. जन्म स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे, लोखंडाचे ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी. ते लहान असतानाच कुटुंब कॅनडातील विनिपेग येथे आले. तेथे गुडघ्याच्या अस्थिदाहाने त्यांचा उजवा पाय कापून टाकण्याची वेळ आली असता, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्या अटीवर एका शल्यविशारदाने विनामूल्य उपचार करून तो वाचविला. गरिबाच्या मुलाचा पाय राहावा की जावा हे योगायोगावर अवलंबून असावे, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. आरोग्यविषयक आपल्या धोरणाचे मूळ ते स्वतः याच अनुभवात सांगत असत.

१९१९ च्या विनिपेगमधील सार्वत्रिक संपात पोलिसांनी केलेला गोळीबार त्यांनी एका इमारतीच्या छपरावरून पाहिला. छापखान्यात उमेदवारी करीत असतानाच त्यांनी मुष्टियुद्धात मॅनिटोबा प्रांताचे हलक्या वजनाचे अजिंक्यपदही मिळविले. १९२४ ते १९३० या काळात ब्रँडन कॉलेजात धर्मशास्त्राचे अध्ययन करताना ते आसपासच्या खेड्यांतून उपदेशास जात. ख्रिस्ताचे शुभवर्तमान मनुष्याच्या परलोकाइतकेच त्याच्या मजुरीशी, घराशी आणि भाकरीशीही संबद्ध आहे, असे मानणाऱ्या विचारसरणीचा संस्कार त्यांच्यावर तेथेच झाला.

१९३० मध्ये वेबर्नच्या कॅल्व्हरी बाप्टिस्ट मंडळीचे पालकत्व त्यांनी स्वीकारले, तेव्हा गव्हाचे भाव कोसळले होते, आणि लवकरच अवर्षणाने त्या गवताळ मुलखातील सुपीक माती वाऱ्यावर उडू लागली. पूर्वेकडील प्रांतांतून आगगाडीने येणारी सफरचंदे आणि खारवलेले मासे यांवर शेतकऱ्यांची कुटुंबे दिवस कंठीत होती. अशा काळात अन्नवस्त्रांची वाटणी करणे आणि बेकारांना संघटित करणे हे काम डग्लस यांनी प्रार्थनेहून वेगळे मानले नाही. १९३१ मध्ये एस्टेव्हान येथील कोळसा-खाणकामगारांनी संप केला, तेव्हा त्यांनी त्यांना अन्नाची मदत पोहोचविली. त्या संपात २९ सप्टेंबर रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन खाणकामगार मृत्युमुखी पडले.

त्यांच्या चरित्रातील एक काळा भाग झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९३३ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तथाकथित हीन कुटुंबांबाबत निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला होता. १९३६ मध्ये जर्मनीस दिलेल्या भेटीत नाझी राजवट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. आणि पुढे सत्ता हाती आल्यावर निर्बीजीकरणाच्या सूचना त्यांनी नाकारल्या. त्यांची खरी परीक्षा या नकारातच झाली, असे म्हणावे लागते.

१९३५ मध्ये ते को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या शेतकरी-कामगारांच्या पक्षातर्फे लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले. त्यापूर्वी, उमेदवारी केल्यास पुन्हा कोणतीही मंडळी मिळणार नाही अशी ताकीद त्यांच्या पंथाच्या एका अधिकाऱ्याने दिली होती. तिनेच त्यांचा निश्चय पक्का केला. ते निवडून आले. १९४४ मध्ये प्रांतिक विधिमंडळाच्या ५२ पैकी ४७ जागा जिंकून त्यांनी उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार स्थापन केले, आणि आरोग्यखात्याचा कारभार १९४९ पर्यंत स्वतःकडे ठेवला. शेतकऱ्याचे घरदार कर्जापायी जप्त होऊ नये यासाठी संरक्षक कायदा, कामगारसंघांना मान्यता, मोटारींचा सरकारी विमा, खेडोपाडी वीज आणि १९४७ ची नागरिकांच्या हक्कांची सनद, ही सर्व त्यांच्याच अमदानीतील कामे होत.

सर्वांत दूरगामी ठरली ती १ जानेवारी १९४७ पासून अमलात आलेली रुग्णालय-विम्याची योजना. माणशी वार्षिक पाच डॉलर भरले म्हणजे रुग्णालयातील खर्चाची तरतूद झाली, हा तिचा साधा हिशेब. खजिन्याची ताकद पाहूनच पुढचे पाऊल टाकावयाचे, या दंडकामुळे डॉक्टरांच्या उपचारांचा समावेश होण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. तो कायदा १ जुलै १९६२ रोजी अमलात आला तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. त्या वेळी डग्लस मुख्य प्रधान नव्हते. हा प्रहार झेलून कायदा टिकविण्याचे श्रेय त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांचे आहे, आणि ते त्यांना पुरेपूर दिले पाहिजे. १९६६ मध्ये संघसरकारनेही वैद्यकीय सेवेचा कायदा संमत केल्याने ही व्यवस्था देशभर पसरण्याचा मार्ग मोकळा झाला.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे ते पहिले नेते होते. सस्कॅचेवानच्या वैद्यकीय कायद्यावरील क्षोभाच्या लाटेत १९६२ मध्ये रेजायना येथे त्यांचा पराभव झाला. मात्र त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियातून ते पोटनिवडणुकीत निवडून आले. १९७० मध्ये क्वेबेकमधील अपहरणांनंतर सरकारने युद्धकालीन अधिकारांचा कायदा लागू केला, तेव्हा लोकमत विरुद्ध असतानाही त्यांनी नागरी स्वातंत्र्याचा पक्ष घेऊन त्याला विरोध केला. १९७१ मध्ये त्यांनी पक्षाचे नेतृत्व सोडले व १९७९ मध्ये लोकसभेतून निवृत्ती घेतली. १९८१ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा बहुमान देण्यात आला. ऑटावा येथे ते निधन पावले.