जालन्याच्या छावणीतला पक्षिनिरीक्षक

ओमानमध्ये मस्कतहून दक्षिणेकडे सलालाहपर्यंत मोटारीने जाणाऱ्या पक्षिनिरीक्षकांना वाटेत दोन निराळी जगे भेटतात. एका बाजूला रखरखीत वाळवंट, तर दुसऱ्या बाजूला अरबी समुद्राचा किनारा. या किनाऱ्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी लाखोंनी उतरतात. वाळवंटी भागात त्यांना दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी एक म्हणजे पखुर्डी. साधारण कबुतराएवढा, मातकट रंगाचा आणि जमिनीवर स्थिर बसला की दिसेनासा होणारा हा पक्षी आहे. तो पाहायला आपल्याला मात्र अरबस्तानात जायला नको. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद आहे. त्या मुलखातल्यासारखे उघडे, दगडगोट्यांचे माळ हे याच जातीच्या पखुर्डीचे घर.

इतक्या दूरच्या दोन प्रदेशांत एकच पक्षी कसा? सहारापासून अरबस्तान, इराण, सिंध आणि राजस्थान असा कोरड्या प्रदेशांचा एक लांबच लांब पट्टा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले दख्खनचे पठार हे जणू त्याचेच एक टोक. पखुर्डी, धाविक आणि चंडोल यांच्या कुळांतले अनेक पक्षी या पट्ट्यात राहतात. त्यांना झाडी नको, मोकळी जमीन हवी.

या मुलखातल्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद करणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक जण जालन्यातच राहत होता. त्याचे नाव थॉमस जेर्डन. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला हा तरुण डॉक्टर १८३६ मध्ये मद्रासला उतरला. पहिली नेमणूक पूर्व किनाऱ्यावरच्या गंजाम भागात, तापाने व आमांशाने आजारी पडलेल्या सैनिकांवर उपचार करण्यासाठी झाली. पक्ष्यांचा नाद तेथेच वाढला. १८३७ मध्ये त्याची बदली त्रिचनापल्लीच्या घोडदळाच्या पलटणीत झाली आणि त्या पलटणीबरोबर तो जालन्याच्या छावणीत आला. येथे त्याने सुमारे चार वर्षे काढली.

त्रिचनापल्ली ते जालना हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटरांहून अधिक भरते. भारतात पहिली प्रवासी आगगाडी धावली ती १८५३ मध्ये. म्हणजे पलटणीचा हा प्रवास घोड्यांवर, पायी आणि बैलगाड्यांनी, मुक्काम करत करतच व्हायचा. पक्ष्यांची जाण असलेल्या माणसाला यापेक्षा चांगली संधी कोणती? मुलूख हळूहळू बदलत जातो आणि त्याबरोबर पक्षीही बदलतात, हे अशा प्रवासात डोळ्यांनी दिसते.

त्या काळी दुर्बिणीतून पक्षी ओळखण्याची पद्धत नव्हती. पक्षी मारायचा, कातडे काढून त्यात पेंढा भरायचा आणि युरोपातल्या तज्ज्ञाकडे पाठवायचे, हीच रीत होती. जेर्डननेही आपला संग्रह ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठवला. तो तेथे पोहोचला तेव्हा त्याला कसर लागली होती. एखादा निराश होऊन थांबला असता. जेर्डनने मात्र यापुढे स्वतःच्या ओळखीवर विसंबायचे ठरवले. १८३९–४० मध्ये, म्हणजे जालन्यातल्या वास्तव्यातच, मद्रासच्या एका नियतकालिकात त्याची दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. तीत ४२० जाती होत्या. त्याआधी कर्नल साइक्स याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची जी सूची छापली होती, तिच्यापेक्षा ही संख्या खूपच मोठी होती. पुढे १८६२ ते १८६४ या काळात जेर्डनचा भारतीय पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात हजाराहून अधिक जातींची माहिती आहे.

येथे एक सावधगिरी हवी. नमुना हाती नसेल तर ओळख बरोबर की चूक, हे दुसऱ्याला तपासता येत नाही. म्हणून अशा सूचीचे खरे मोल ठरते ते पुढे कोणीतरी त्याच मुलखात पुन्हा फिरून पाहतो तेव्हा. ते काम १९३१–३२ मध्ये सालिम अली यांनी केले. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. या राज्याच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी गावोगाव तळ ठोकून केली आणि निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले.

जेर्डनचेच नाव असलेल्या एका पक्ष्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याला पूर्व घाटाच्या परिसरात सापडलेल्या धाविकाचे शास्त्रीय वर्णन ब्लाइथने १८४८ मध्ये केले. १९०० नंतर हा पक्षी कोणालाच दिसेना. तो नामशेष झाला असे मानले गेले. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा सापडला आणि त्याचा माग लागला तो स्थानिक पारध्यामुळे. तज्ज्ञांनी गमावलेला पक्षी गावकऱ्याला ठाऊक होता! त्याचे घर म्हणजे खुरटी झुडपे आणि मधली उघडी जमीन. सरकारी दप्तरात अशा जमिनीला आपण ‘पडीक’ म्हणतो.

खरी अडचण या शब्दातच आहे. जंगल तोडले तर आपल्याला वाईट वाटते; माळ नांगरला, त्यावर खड्डे खणून झाडे लावली, तर मात्र सुधारणा झाली असे वाटते. माळढोक एकेकाळी दख्खनच्या माळांवर चांगल्या संख्येने होता. आज देशभरात मिळून तो दीडशेच्या आसपास उरला आहे. शिकार हे एक कारण, पण माळ आक्रसत गेले हेही तितकेच मोठे कारण आहे.

हसनाबादसारख्या गावातल्या शिक्षकाला यात काय करता येईल? शाळेजवळचा एक माळ निवडावा. महिन्यातून एकदा, त्याच वाटेने आणि सकाळच्या त्याच वेळी विद्यार्थ्यांसह तासभर चालावे. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, गवताची स्थिती, पक्षी आणि त्यांची संख्या लिहावी. नाव कळले नाही तर वर्णन लिहावे. गुराखी व म्हातारी माणसे त्या पक्ष्याला काय म्हणतात, तेही टिपावे. एकही पक्षी दिसला नाही, तर तसे लिहावे; तीही नोंदच आहे. दहा वर्षांनी त्या माळाचे काय झाले हे कोणी विचारले, तर उत्तर या वहीत मिळेल. जेर्डनच्या जार्डिनकडे पाठवलेल्या संग्रहाला कसर लागली, पण त्याने लिहून छापलेली सूची आजही वाचता येते.