मॅकनिकोल, निकोल

मॅकनिकोल, निकोल (१८७०–१९५२) : पुण्यात दीर्घकाळ राहिलेले स्कॉटिश ख्रिस्ती धर्मोपदेशक, धर्मेतिहासाचे अभ्यासक व मराठी संतकवितेचे इंग्रजी अनुवादक. शिक्षण ग्लासगो विद्यापीठात. १८९५ मध्ये ते भारतात आले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही वर्षे काढल्यावर १९०१ पासून पुणे हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ (१९१९) ही त्यांची मुख्य कृती. ‘हेरिटेज ऑफ इंडिया’ मालेतील या छोट्या पुस्तकात ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, नामदेव, जनाबाई, एकनाथ व तुकाराम यांच्या १०८ रचना आहेत. निम्म्याहून अधिक जागा एकट्या तुकोबांना दिली आहे. त्यापूर्वी फ्रेझर व मराठे यांनी तुकोबांचा मोठा अनुवाद गद्यात केला होता. मॅकनिकोल यांनी यमकबद्ध पद्य निवडले. स्कॉटिश चर्चमध्ये बायबलमधील स्तोत्रे छंदोबद्ध रूपात गाण्याची जुनी रीत आहे, तिचे वळण या अनुवादांत स्पष्ट दिसते. सासरी निघालेली मुलगी, आईला चुकलेले मूल आणि पाण्याबाहेरची मासोळी हे तिन्ही दृष्टान्त असलेला तुकोबांचा प्रसिद्ध अभंग त्यांनी चार-चार ओळींच्या दोन कडव्यांत बसवला आहे. दृष्टान्त व ‘तुका’ ही नाममुद्रा टिकली. ‘केशवा’ ही हाक मात्र नुसते ‘तू’ झाली. अशा ठिकाणी छंदाची अडचण किती आणि मिशनरी दृष्टी किती, याबाबत मतभेद संभवतात. अनुवाद आजही म्हणता येण्याजोगे आहेत, हे त्यांचे खरे बळ. दिलीप चित्रे यांचा मुक्तछंदातील तुकाराम (१९९१) यानंतर सात दशकांनी आला.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या एका मराठी भक्तिगीताचा त्यांनी केलेला अनुवाद इंग्रजी उपासनागीतांच्या संग्रहांत गेला आणि परदेशांतील मंडळ्यांत गायला जाऊ लागला.

‘इंडियन थीइझम’ (१९१५) हा वेदकाळापासूनच्या ईश्वरवादाचा इतिहास असून त्यात भक्तिपंथांना महत्त्वाचे स्थान आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई यांचे चरित्र त्यांनी १९२६ मध्ये लिहिले. पत्नी मार्गारेट यांनी ‘पोएम्स बाय इंडियन विमेन’ (१९२३) संपादित केले.

राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे ते काही काळ सचिव होते.

उत्तरायुष्यातील ग्रंथ : ‘द लिव्हिंग रिलिजन्स ऑफ द इंडियन पीपल’ (१९३४) व ‘एव्हरीमन्स लायब्ररी’साठी संपादित केलेले ‘हिंदू स्क्रिप्चर्स’ (१९३८). दुसऱ्यात ऋग्वेदातील सूक्ते, उपनिषदे व भगवद्गीता असून प्रस्तावना रवींद्रनाथ टागोरांची आहे.